‘भारतातली पहिली नोंद’ टाकणाऱ्या पुणेकर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातले समस्त निसर्गप्रेमी ग्रुप, मॅक्रो फोटोग्राफर, रोज सकाळी टेकडी चढणारे काका-काकू आणि कॉलेजातले झूलॉजी-बॉटनीचे सर, मॅडम, पोरं-पोरी

नमस्कार मंडळी,

पाऊस सुरू झाला की सिंहगडावर ट्रॅफिक जॅम आणि आपल्या ग्रुपवर ‘फर्स्ट रेकॉर्ड फॉर इंडिया’ हे दोन्ही ठरलेलं. यंदाही सुरू झालंय. कुणाला वेताळ टेकडीवर एक पतंग दिसतो, कुणाला पाषाण तलावाच्या कडेला कोळी, कुणाला पर्वतीमागे एखादं नखाएवढं फूल, मग फोटो, मग अॅप, अॅप सांगतं हे अमुकतमुक, मग गुगल केलं की त्याची भारतात नोंदच सापडत नाही, झालं, लगेच पोस्ट. खाली अभिनंदनाची रांग लागते, टाळ्या, फुलं, ‘पुण्याचा अभिमान’ वगैरे. आणि त्या रांगेत मधेच कुणीतरी बिचारा विचारतो की खालून काढलेला फोटो आहे का, नेमकी जागा कुठली, नर होता की मादी. उत्तर येतं, ‘पुणे परिसर’. किडा तोवर उडून गेलेला.

टर उडवायला लिहीत नाहीये. मी पण हौशीच किडेवाला, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, आणि या शहरात इतके लोक इतक्या बारकाईने बघतायत याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणणं एवढंच आहे की देशाची पहिली नोंद नुसत्या फोटोवर उभी राहत नाही (पक्षी, साप, मोठी फुलपाखरं सोडा, तिथे चांगल्या फोटोवर बऱ्याचदा भागतं). बाकी जे काही बारीकसारीक, म्हणजे खरं तर निसर्गातलं जवळजवळ सगळंच, त्याला वस्तू लागते, म्हणजे तो किडा किंवा ती फांदीच. तारीख लागते, जागा लागते, आणि ती वस्तू अशा कपाटात लागते जिथे पन्नास वर्षांनी दुसरा कुणी जाऊन ‘बघू बरं, हे खरंच तेच होतं का’ असं करू शकेल.

आता हे पुणेकरांना सांगायला आपल्याकडे घरचंच उदाहरण आहे. गाजर गवत. हो तेच, रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, नदीपात्रात, कुठेही. या गवताची भारतातली पहिली म्हणून मानली गेलेली नोंद पुण्यातली आहे. आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये दोन-तीन पानांची टिपण लिहिली, भारतासाठी नवीन नोंद म्हणून. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, प्रा. परांजपे यांना पुण्यात उकिरड्यावर ही झाडं तुरळक दिसली होती असा उल्लेख तणांवरच्या पुढच्या लिखाणात सारखा येतो. विचार करा, उकिरड्यावरचं एक फालतू झुडूप, फुलं म्हणजे पांढरे ठिपके, कुणी फोटो काढून फ्रेम करावा असं काहीही नाही, आणि तरी कुणीतरी थांबलं, उपटलं, बघितलं, हे आपल्या यादीत नाही म्हणालं.

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी की हे गवत पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं. मी पण लहानपणापासून तेच ऐकलंय. आता तारखा लावून बघा. पीएल-४८० हा अमेरिकेतला धान्य-मदतीचा कायदा १९५४ चा, आणि त्याखालचा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. परांजपेंची झाडं १९५१ ची. म्हणजे जुळत नाही. अमेरिकन धान्य त्याआधी आलंच नव्हतं असं नाही, १९५१ साली दुष्काळात कर्जावर गहू आला होता, तेव्हा धान्यातून आलं असेलही, पण मग ‘पीएल-४८० ने आणलं’ हे वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. पुढे अजून मजा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १८१४ साली कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची जी यादी छापली तिच्यात हे नाव आहे असं अभ्यासकांनी दाखवून दिलं, आणि डेहराडूनच्या हर्बेरियममध्ये (म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) १८८० चा एक नमुना आहे असंही लिहिलं गेलंय. म्हणजे झाड आधी बागेत येऊन गेलं, कधीतरी कुणीतरी वाळवून कागदावर चिकटवलं, आणि मग विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात खऱ्या अर्थाने मोकाट सुटलं, असा काहीसा प्रकार.

रावांची नोंद यामुळे चुकीची ठरते का? अजिबात नाही. पण ती तपासता आली, पुढे-मागे सरकवता आली, हे का जमलं? तर कागदावर वाळलेली फांदी होती, लेबल होतं, छापील यादी होती. यातलं काहीच नसतं तर आपण आजही व्हॉट्सअॅपवरच्या गव्हाच्या गोष्टीवरच असतो. आणि त्या गवताने पुढे काय केलं ते पुण्याला वेगळं सांगायला नको. सत्तरच्या दशकात त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या त्याही इथल्याच. १९८३ साली त्याच्यावर मेक्सिकोहून भुंगेरे आणावे लागले, पुढच्या वर्षी सोडले, ते पावसाळ्यात पानं खातात, गवत अजून आहेच.

तर पहिली नोंद म्हणजे शोधणाऱ्याच्या गळ्यातला हार असं समजू नका ही विनंती. तिचा उपयोग नंतरच्या लोकांना होतो, आणि बऱ्याचदा तो उपयोग कंटाळवाण्या, कुरूप, उकिरड्यावरच्या गोष्टींच्या नोंदीचाच सगळ्यात जास्त होतो.

हे जरा खोलात सांगतो, कारण ‘एवढं काटेकोर आयडी कशाला, जीनसपर्यंत (म्हणजे वंशापर्यंत, जातीपर्यंत नको) पुरे की’ हे मी ग्रुपवर खूप ऐकलंय.

पपईवरचा पिठ्या ढेकूण घ्या. पानाखाली, फळाच्या देठाशी कापसासारखं पांढरं साचतं ते. असले पांढरे पिठ्या ढेकूण डझनावारी जातींचे असतात, वरून सगळे सारखेच, फोटोत तर बोलायलाच नको. यातली जी जात मेक्सिकोची, ती भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा नोंदली गेली आणि २०१० पर्यंत आपल्या पुण्याच्या पपईवर पोचली होती. आता ही ओळखायची कशी? एक सोपी खूण आहे, अंग पिवळसर असतं, आणि अल्कोहोलमध्ये टाकली की थोड्या वेळाने ती निळसर काळी पडते. हे डोळ्यांनी बघायला भारी वाटतं, बाटलीत पिवळा ठिपका टाकलाय आणि नंतर बघावं तर शाईचा थेंब पडल्यासारखं. पण ती नुसती खूण, पुरावा नाही, कारण असा रंग बदलणारे अजूनही आहेत. पुरावा म्हणजे पूर्ण वाढलेली मादी घ्यायची, पोटॅशच्या पाण्यात ठेवून आतलं सगळं काढून टाकायचं, नुसतं कातडं उरलं की ते लालभडक रंगवायचं, काचेवर आडवं करायचं आणि मायक्रोस्कोपखाली मेण बाहेर टाकणाऱ्या नळ्या शोधायच्या. एका विशिष्ट प्रकारच्या नळ्या पाठीवर फक्त कडेकडेनेच आहेत, मधे नाहीत, आणि मागच्या पायाच्या नडगीवर छिद्रं नाहीत, तर ही ती. हे सगळं शरीर दोन-तीन मिलिमीटरचं, हां.

एवढी उठाठेव का करायची? कारण ती जात तीच आहे हे पक्कं झालं म्हणून माहीत होतं की तिचा शत्रू कोण. तिच्यावर जगणारी एक इवलीशी गांधीलमाशी (माशी म्हणायला पण मोठी, ठिपकाच तो) फ्लोरिडा, पोर्टो रिको वगैरे ठिकाणी आधी वापरून झाली होती. २०१० मध्ये बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेने ती पोर्टो रिकोहून मागवली, वाढवली, सोडली, आणि ज्या शेतकऱ्यांनी झाडं तोडायला काढली होती त्यांच्या बागा सावरल्या, फवारण्यांचा खर्च वाचला तो वेगळाच. आयडी चुकीचं असतं तर? चुकीची माशी आली असती आणि उपाशी मेली असती.

ही कल्पना नाही, जवळजवळ असंच एकदा झालंय. आफ्रिकेत सत्तरच्या दशकात कसाव्यावर (म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो ते कंद) असाच एक पिठ्या ढेकूण आला, कोट्यवधी लोकांचं रोजचं जेवणच ते. त्याचं मूळ गाव शोधायला शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात फिरत राहिले, तिथे तसाच दिसणारा ढेकूण सापडला पण, त्याचे शत्रू आणून बघितले, ते आफ्रिकेतल्या ढेकणाला तोंडच लावेनात. नीट बघितलं तेव्हा कळलं ही जातच वेगळी. खरा ढेकूण १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडला आणि त्याच्यासोबत त्याची माशी. ती आफ्रिकेत नेली, काम झालं, त्या मोहिमेच्या हान्स हेरेन यांना १९९५ चं वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. आता पुढचं ऐका, हाच ढेकूण २०२० मध्ये केरळात त्रिशूरला भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्याला वर्षानुवर्षं भटकावं लागलं नाही, कारण नाव पक्कं होतं, माशी आफ्रिकेतल्या बेनिनहून मागवता आली. तमिळनाडूत सेलमकडचा टॅपिओका (म्हणजे हाच कसावा) टिकतो म्हणून एकादशीला सदाशिव पेठेत खिचडी होते, हे लक्षात असू द्या.

अमेरिकन लष्करी अळीचं पण तेच. २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्याला मक्यावर दिसली, भारतातच काय, आशियातली पहिली. त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे आठव्या कप्प्यावर चौकोनात चार काळे ठिपके, ही खूण शेतकऱ्यांच्या मोबाइलवर झपाट्याने फिरली ते चांगलंच झालं, पण शिवमोग्याच्या लोकांनी नुसते ठिपके मोजून पेपर लिहिला नव्हता. अळ्या वाढवून पतंग बाहेर काढले, नराचे जननेंद्रिय उघडून बघितले, डीएनए केला, मग बोलले.

डीएनएवरून आठवलं. आता बरेच जण म्हणतात, बारकोडिंग करून टाकू ना, भांडणच नको. करा की, जरूर करा. साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा एक तुकडा वाचायचा आणि जगाच्या डेटाबेसशी जुळवायचा. पण त्या डेटाबेसमध्ये नावं माणसांनीच घातलेली असतात हो, कुणीतरी चुकीच्या नावाने सिक्वेन्स टाकून ठेवलाय आणि तुमचा किडा त्याच्याशी ९९ टक्के जुळला तर तुम्हीही त्याच खड्ड्यात. तेव्हा जिच्यातून डीएनए काढला ती वस्तू पाय तुटलेली का होईना, जपून ठेवलेली असली तर निदान नंतर सोडवता येतं. फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका तेवढं, त्यातून डीएनए काढताना जीव जातो.

अजून एक गफलत सारखी होते. देशात पहिल्यांदा दिसलं म्हणजे देशात आत्ताच आलं, असं गृहीत धरून लगेच ‘परदेशी घुसखोर’ म्हणून बोंब. आणि याच्या उलट पण, आलंय बाहेरून आणि आपण ‘सह्याद्रीतलं दुर्मिळ रत्न’ म्हणून मिरवतोय. जी गोष्ट श्रीलंकेत किंवा म्यानमारमध्ये आहे आणि आता आपल्या घाटात सापडली, तर बहुतेक ती इथे हजारो वर्षं आहे, आपणच गेलो नव्हतो तिथे. सीमा आपली, तिला काय माहीत. पण जी दक्षिण अमेरिकेची आहे आणि उरुळी कांचनच्या नर्सरीतल्या कुंडीत सापडली, तिच्याबद्दल संशय घ्यायला हरकत नाही. म्हणून तर विचारतो की कुठे, कशावर, आजूबाजूला काय होतं. ‘पुणे परिसर’ यात हे काहीच कळत नाही. जंगलातल्या ओढ्याकाठी आणि हॉटेलच्या लॉनवर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि जिथे पहिल्यांदा सापडलं तेच तिचं घर असंही नसतं. हातोडीसारख्या डोक्याचा तो चपटा लांबुळका किडा पावसात कुंड्यांखाली दिसतो ना, ज्याचे फोटो बघून सगळे किंचाळतात, त्यातल्या एका जातीचं वर्णन १८७८ साली लंडनच्या क्यू गार्डनमधल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून झालं, नावातही क्यू आहे, आणि मूळचा तो आग्नेय आशियातला. कुंडीतूनच गेलेला.

आपलेही बाहेर जातात बरं. शहरी मलेरियाचा डास, अॅनाफिलिस स्टीफेन्साय, याचं पहिलं वर्णन १९०१ साली लिस्टन नावाच्या डॉक्टरने केलं ते एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या डासांवरून (हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या पिसवांवर काम करत होता). टाक्यांमधल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा, शहराला सरावलेला डास. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूतीमध्ये पहिल्यांदा पकडला गेला. तिथे त्या वर्षी मलेरियाच्या २७ केसेस होत्या, देश मलेरियामुक्तीच्या उंबरठ्यावर. २०२० मध्ये ७३ हजारांवर. पुढे इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया. ज्या माणसाने जिबूतीत तो डास भिंगाखाली धरून ‘हा इथला नाही’ म्हटलं, त्याच्या हातात तुलनेला नीट वर्णन होतं, अचलपूरपासून सुरू झालेलं. मला विचाराल तर एका ‘फर्स्ट रेकॉर्ड’ची किंमत समजून घ्यायला हे एक उदाहरण पुरे आहे.

बरं, आता कामाचं बोलू. पुण्यात राहून हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये, कारण आपल्याएवढी सोय फार थोड्या शहरांत आहे. कोरेगाव पार्कात बॉटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं ऑफिस, त्यांचं हर्बेरियम. आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं. बुरशी असेल तर आघारकर इन्स्टिट्यूट, तिथे देशाचा बुरशींचा संग्रह आहे. आणि ज्यांच्या नावाची ही संस्था त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी स्वतः काय शोधलं होतं माहितीय? गोड्या पाण्यातला जेलीफिश. साताऱ्याकडे मेढ्याजवळ वेण्णा नदीत. १९११ च्या सुमाराची गोष्ट, तोवर हा वंश फक्त आफ्रिकेतला समजला जायचा. आघारकर होते वनस्पतीवाले! पण कलकत्त्याच्या म्युझियममध्ये प्राणिशास्त्रज्ञ अॅनंडेलकडे नमुना पोचला, त्याने वर्णन केलं, नंतर आघारकर आणि ग्रेव्हली यांनी त्याच्या सवयींवर लिहिलं. हौस एकाची, भिंग दुसऱ्याचं, आणि वस्तू बरणीत. झूलॉजिकल सर्व्हेच्या २०२३ च्या यादीत देशभरातले ६४१ प्राणी होते, त्यातले ४४२ विज्ञानालाच नवीन आणि १९९ भारतासाठी नवीन. यातलं बरंचसं काम असंच दोघा-तिघांच्या हातून गेलेलं असतं.

कायद्याचं पण थोडं सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या नावावर डबी घेऊन अभयारण्यात शिरेल. ताम्हिणीचा काही भाग अभयारण्य आहे, आपल्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टातल्या प्राण्याला तर कुठेही हात लावायचा नाही. विज्ञानाला पूर्णपणे नवीन जात असेल तर जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे तिचा नमुना सरकारमान्य संग्रहात जमा करणं बंधनकारकच आहे. नुसत्या पहिल्या नोंदीला ते कलम थेट लागत नाही, पण म्हणून जमा करू नये असं कुठे आहे? तुमची गच्ची, सोसायटीची बाग, नर्सरी, शेत, मार्केट यार्डातून आणलेल्या भाजीतला किडा, इथे तुम्हाला कोण अडवतंय. आणि नवीन पाहुणे बहुतेक तिथेच येतात.

आता ज्यांना राग येणार आहे त्यांच्यासाठी. ‘आम्ही निसर्गप्रेमी, आम्ही जीव मारत नाही.’ मला हे पटतं आणि नाहीही पटत. फुलपाखरू मारून अल्बममध्ये लावणाऱ्यांचा जमाना गेला ते बरंच झालं. पण त्याच ताई सोसायटीत डासांचा धूर मारायला पालिकेला फोन लावतात, रात्री दिव्याखाली शंभर पतंग पालीच्या पोटात जातात ते चालतं, आणि एका पिठ्या ढेकणाला बाटलीत टाकलं की हळहळ. एक-दोन नमुन्यांनी किड्यांची संख्या कमी होत नाही. वनस्पतीचं म्हणाल तर फूल असलेली एक फांदी पुरते, मुळासकट उपटायची गरज नसते, आणि तीनच झाडं असतील तर फांदी पण नको, फोटो आणि जागा देऊन अभ्यासकाला बोलवा, तो ठरवेल. ऑर्किड आणि टॅरँटुलाच्या जागा ग्रुपवर उघड करू नका हे पण बरोबरच आहे, चोर टपलेले असतात. पण ग्रुपपासून लपवणं वेगळं आणि लेबलवरच न लिहिणं वेगळं.

कॉलेजवाल्यांसाठी वेगळं. एका कॉलेजात, नाव घेत नाही, जुन्या सरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह होता, बरण्या, पेट्या, हर्बेरियमच्या शीट. नवीन लॅब करायची म्हणून कपाटं रिकामी झाली. मी पोचलो तेव्हा बरण्या भंगारवाल्याच्या गाडीवर होत्या आणि शीट खाली पडलेल्या, एकावर दौंडची जागा आणि साठच्या दशकातली तारीख व्यवस्थित शाईने लिहिलेली. त्यात कुठली पहिली नोंद होती का? आता कुणालाच कधीच सांगता येणार नाही. एचओडी मंडळी, जागा नसेल तर नसेल, समजू शकतो, पण फेकायच्या आधी कोरेगाव पार्कला किंवा आकुर्डीला एक पत्र तरी टाका, सगळं नाही तरी काही घेतील. आणि पोरांच्या प्रोजेक्टमध्ये ‘५० कीटक जमवा’ असं देता ना, त्याऐवजी पाचच जमवा पण लेबल नीट लावा असं द्या. पन्नास किडे आणि लेबल एकालाही नाही, असल्या पेट्या बघून बघून वीट आलाय.

नर्सरीत जाणाऱ्या आणि मासे पाळणाऱ्या लोकांना तर माझं खास साकडं आहे. नवीन शोभेचं रोप आणलं, पानाखाली काहीतरी चिकटलंय, तर लगेच पुसून टाकू नका, आधी थोडं बाटलीत घ्या, मग खुशाल पुसा, कडुनिंबाचं तेल मारा, काय करायचं ते करा. कुंडीतल्या मातीतून अनोळखी गोगलगाय निघाली तर मीठ टाकायच्या आधी फोटो आणि एक नमुना. आणि टाकीतला मासा मोठा झाला, आता नको वाटतो, तर मुठेत किंवा पाषाण तलावात सोडून ‘पुण्य’ मिळवू नका, प्लीज. असली पहिली नोंद आपल्याला नको आहे.

पोस्ट टाकूच नका असं मी म्हणत नाही. टाका, पण ‘भारतात पहिल्यांदा’ हे तीन-चार आठवडे पोटात ठेवा. नावासमोर प्रश्नचिन्ह ठेवायला लाजू नका. जुनी चेकलिस्ट बघा, बऱ्याचदा ती जात दुसऱ्याच जुन्या नावाने ऐंशी वर्षांपूर्वी नोंदवलेली असते आणि इंटरनेटवर ते आलेलंच नसतं, अशा वेळी लायब्ररीतलं पिवळं पान तुमची पहिली नोंद खाऊन टाकतं. त्या गटावर काम करणारा माणूस शोधून मेल करा. उत्तर उशिरा येतं, कधी कधी येतच नाही, हे पण खरंय, तज्ज्ञ मंडळींनी पण जरा मनावर घ्यावं, हौशी लोकांच्या मेलला दोन ओळींचं उत्तर द्यायला काही फार वेळ लागत नाही. आणि पेपर लिहिलात तर ज्याने गच्चीवर तो किडा पकडला त्या काकूंचं नाव नमुना गोळा करणारी व्यक्ती म्हणून लेबलवर आणि पेपरात दोन्हीकडे लिहा. आभारात शेवटून दुसऱ्या ओळीत नको.

या पावसाळ्यात ज्यांना खरंच सुरुवात करायचीय त्यांनी झाकण घट्ट बसेल अशा चार छोट्या बाटल्या सॅकमध्ये ठेवा, मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल तात्पुरतं चालतं. वनस्पतीसाठी जुने पेपर आणि वर ठेवायला दोन जाड पुस्तकं. लेबलवर तारीख, जागा, शक्य तर मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, कशावर सापडलं आणि कुणी पकडलं एवढं.

तुमचाच,
कोथरूडचा एक किडेवाला

ता. क. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, बाहेर चिकटवायचं नाही, बाहेरचं सुटून येतं. आणि पेन्सिलने लिहायचं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग बाटलीत उरतो निळ्या पाण्यातला एक किडा, ज्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही.